माह्या दारू सोडण्याचा फ्लेक्स

आमच्या बोरी अरबकडं कोणालेही विचारा, दारू कुठं भेटते? शेंबडं पोट्टंही बोट दाखवते. पण सोडाची असन तं कुठं जावं, हे मले सव्विसाव्या वर्षी चार महिने कोणी सांगतलं नाही! कोणीच!

मामा म्हणे गळ्यात माळ घाल. काकू कुठल्यातरी बाबाचा अंगारा घेऊन आली, भाजीत टाकला, वरतून मलेच विचारते, "फरक वाटून राह्यला का?" यवतमाळले एका दवाखान्यात गेलतो, तिथला माणूस मान वर न करता म्हणे, "भरती व्हा लागन." अरे भरती कायले? मले चार माणसं पायजे होते, ज्याहीनं हे भोगलं असन. "तसं काही नसते आपल्याकडं," म्हणे.

असते! नेरच्या बस स्टँडवर भेटलं मले. चहाचा कप धरला तं हात असा थरथरे की चहा पॅन्टवर. बाजूले एक सर बसले होते, शाळेत शिकवणारे, इस्त्रीचा शर्ट. त्याहीनं माह्या हातातला कप घेतला, अर्धा बशीत ओतला न् परत देल्ला.

"अर्धाच घेत जाय. भरलेला कप आपल्याले नाही जमत सुरुवातीले."

आपल्याले!

"सर, तुम्ही पण?"

"हळू बोल ना बे. इतवारी चार वाजता ये."

कापसाच्या गोदामामागची खोली. पंधराक लोकं. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, जात तं नाहीच नाही. एकजण बोलते, बाकीचे ऐकतात. अर्ध्यायच्या घरी माहीत नाही ते कुठं जातात. सरांच्या शाळेतही माहीत नाही, माहीत झालं तं गावभर बोभाटा. रोज संध्याकाळी सात वाजता, म्हणजे माह्या पायाले बरोबर दारूभट्टीची वाट आठवे तेव्हा, सरांचा फोन ये. "जेवला का?" बस, एवढंच. तीन महिने मी त्या फोनवर काढले, खरं सांगतो.

आता चूक. माहीच. मी लय खुशीत होतो ना, तं दोस्तायले सगळं सांगून टाकलं. खोली कुठं, वार कोणता, टाइम कोणता. वाटलं, एखादा येईन सोबत.

आले नाहीत. फ्लेक्स लावला लेकाच्यांनी!

बस थांब्यावर, दहा फुटी. माहा गॉगलवाला फोटो. "दारूमुक्त झाल्याबद्दल भाऊंचे हार्दिक अभिनंदन!" खाली बारा शुभेच्छुकांचे फोटो, बाराही पिणारे. न् त्याच्या खाली, बारीक अक्षरात नाही, चांगलं लाल अक्षरात, "विशेष आभार: गोदामामागील मंडळ, नेर, दर इतवारी ४ वाजता." सरपंचानं शाल-नारळ देऊन सत्कारही केला. टाळ्या! कार्यक्रम आटोपल्यावर एकजण कानात म्हणते, "भाऊ, आता तुह्या नावानं एक एक तं होऊन जाऊ दे."

मी शाल त्याच्या आंगावर फेकली. फ्लेक्स खालून धरून फाडला.

"कायले तपतं बे? चांगलंच तं केलं!" खरंच समजत नव्हतं त्यायले. त्याचाच राग जास्त येते मले आजही. चांगलं केलं म्हणे! आपल्याकडं माणसानं शिंकलं तरी फ्लेक्स लागते, तं एखाद्याची लाज झाकून ठेवणं कोणाले सुचन कसं?

पुढच्या इतवारी खोलीबाहेर गाड्यांवर चार पोट्टे बसले होते, कोण कोण येते पाहाले. आत आम्ही तिघं. सर नाही. सातचा फोनही बंद झाला.

तिघांनी मिळून जागा बदलली, वार बदलला. कोणता, ते इथं लिहीत नाही, एवढी अक्कल आली. पण सरांले सांगाचं कसं? फोन उचलत नव्हते. गेलो त्यायच्या घरी. अंगणात पोट्ट्यायचे मायबाप बसलेले, शाळेचंच काहीतरी चालू होतं.

सर मले पाहून म्हणे, "कोण आपण?"

वाटलं, परत फिरावं. पण बोललो. "सर, बहिणीच्या साक्षगंधाचं आवतन द्याले आलो." मले बहीणच नाही. वार सांगतला, टाइम सांगतला, जागा सांगतली. "पयली जागा बदलली, म्हणून मुद्दाम आलो."

सर मग म्हणे, "फ्लेक्स-बिक्स लावून राह्यले काय?"

"नाही सर. होता तो मीच फाडला."

"पाहू," म्हणे न् लोकांकडं वळले.

त्या आठवड्यात आले नाहीत. पुढच्याही नाही. संध्याकाळी सात वाजता मी मायले स्वयंपाकघरात कणीक भिजवून देत होतो, पाय घरात राहाले पायजे म्हणून. तिसऱ्या खेपेले सर दार ढकलून आले, पार मागं बसले. माह्याशी बोलले नाही.

नका बोलू. आले ना.