खदानीच्या पोटातलं हंसाबाईला ठाऊक होतं

हंसाबाई आडेला मी दिलेला पहिला सल्ला भित्रेपणाचा होता. "अंगठा लावून मोकळी हो," असं मी म्हणालो होतो.

मी सावरपाणी तांड्यावरच्या शाळेत मास्तर. तांड्यातले अर्ज मीच लिहून द्यायचो, म्हणून नगरपंचायतीचा माणूस कागद घेऊन आला तेव्हा ती तो वाचून घ्यायला माझ्याकडे आली. पंचनामा होता. "कचरा टाकण्याची जुनी जागा शास्त्रोक्त पद्धतीने कायमची बंद केली असून परिसरातील रहिवाशांची कोणतीही तक्रार नाही." खाली पाच रहिवाशांची जागा. चार नावं झाली होती, त्यात सगळ्यात वर तांड्याचे नायक उत्तमसिंग यांची सही. पाचवा अंगठा हंसाबाईचा हवा होता, कारण तिचं घर त्या जागेला सगळ्यात जवळ.

तालुक्याच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. प्रकरण अजून कोर्टात आहे. एवढं सांगतो की त्या गावचा सगळा कचरा पंधरा वर्षं आमच्या तांड्याच्या वरच्या अंगाला, मुरमाच्या जुन्या खदानीत पडत होता. २०१८ साली गाड्या थांबल्या. मग वर हातभर मुरूम पसरला, गुलमोहराची रोपं लावली आणि हसऱ्या सूर्याचं चित्र असलेला एक बोर्ड उभा केला. उताराला, खदानीपासून दोन वावरं सोडून, तांड्याची विहीर. तिचं पाणी त्याआधीच चहासारखं झालं होतं. साबणाला फेस यायचा नाही आणि भाताला वास यायचा.

"शास्त्रोक्त म्हंजे काय, गुरुजी?" हंसाबाईने विचारलं.

"म्हणजे नियमाप्रमाणे."

"नियमात मुरूम टाका असं लिवलं हाय?"

ते मला माहीत नव्हतं. तिने कागदाची घडी केली, बाहेर मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या हातात दिली आणि म्हणाली, "सायबाले सांग, हंसाबाई नाई म्हणते."

हंसाबाई घाटंजीकडच्या एका तांड्यातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन इकडे आली. नवरा विटभट्टीवर कामाला गेला तो तिकडेच तापाने वारला. मागे दोन पोरी. निंदण-वेचणीचं काम वर्षातले काही महिनेच मिळतं. उरलेल्या महिन्यांसाठी तिने हातात वाकवलेली सळई घेतली आणि खदानीत प्लास्टिक, पत्रा, काच वेचायला लागली. अकरा वर्षं वेचलं. तांड्यातल्या बायका तिला लग्नाकार्यात स्वयंपाकाला हात लावू देत नसत. दोन्ही पोरी तिने त्याच सळईवर शिकवल्या. एक मारेगावला नर्स आहे. आईचं काम काय होतं ते ती कुणापासून लपवत नाही, हे हंसाबाई मोठ्या अभिमानाने सांगते.

अंगठा नाकारल्यावर तिने माझ्याकडून अर्ज लिहून घेतले. लिहिताना मी नियमही वाचून काढले. जुना उकिरडा नुसता झाकून भागत नाही. खाली काय आहे, पाणी कुठवर नासलं आहे हे आधी तपासावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. लोकशाही दिनाला कलेक्टर कचेरीत तक्रारी ऐकतात, म्हणून आम्ही यवतमाळला गेलो. तिसऱ्या खेपेला सुनावणी झाली. तिथे नगरपंचायतीचे इंजिनियर हसून म्हणाले, "बाई, अकरा वर्षं तुम्ही त्याच कचऱ्यात बसत होत्या. तेव्हा वास नाही आला?"

दोघं-तिघं हसले. माझी मान खाली गेली. हंसाबाईची नाही.

"येत होता ना, सायेब. म्हणूनच सांगून राह्यली. तुमी एक दिवस तरी बसले काय तिथी?"

तपासणीचा आदेश निघाला. जानेवारी २०२१ मध्ये प्रदूषण मंडळाकडून रुपाली नावाची एक तरुण अधिकारी आली. सोबत बोअरची गाडी, नळ्या, बाटल्या आणि एक नकाशा. नकाशावर तीन ठिपके होते. तिथे भोकं पाडून माती-पाण्याचे नमुने घ्यायचे होते. ठिपके नगरपंचायतीने सुचवलेले.

हंसाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. पहिलं भोक पडलं, दुसरं पडलं. दोन्हीकडे स्वच्छ पिवळा मुरूम आला.

"तिथी काई नाई सापडणार, पोरी," ती रुपालीला म्हणाली. "ते पांदणीचं अंग हाय. तिथी कचरा कवाच नव्हता."

"मावशी, मंजूर झालेला प्लॅन आहे. मला त्याप्रमाणेच करावं लागतं."

"प्लॅन करतानी मले काहून नाई इचारलं? खदानीत मी होती. नकाशावाला होता काय?"

तिसऱ्या ठिपक्याकडे बोअरची गाडी वळली तशी हंसाबाई चाकापुढे जाऊन मांडी घालून बसली. गाडीसोबत आलेले नगरपंचायतीचे इंजिनियर ओरडले. पोलिसांना फोन लावतो म्हणाले. "लावा," ती म्हणाली. "त्याइच्यासमोरच सांगीन."

रुपाली तिच्याजवळ उकिडवी बसली. "काय सांगणार आहात?"

आणि मग हंसाबाईने जे सांगितलं, ते मीही कधी ऐकलं नव्हतं. तांड्यातले तीस-चाळीस लोक सभोवती उभे होते, त्यांनीही नाही.

दहा वर्षांपूर्वी, २०११ च्या उन्हाळ्यात, नगरपंचायतीच्या ठेकेदाराच्या ट्रॅक्टरमधून एका गोदामवाल्याचा माल आला होता. मुदत संपलेलं फवारणीचं औषध. निळे ड्रम आणि पांढरे कॅन. जेसीबीने खड्डा केला, ड्रम त्यात लोटले, वरून कचरा ओढला. हंसाबाई तेव्हा तिथे एकटीच होती. ड्रायव्हर फकिरा तिला म्हणाला, "तू काही पाहिलं नाही. यापुढे माझी गाडी खाली झाली की पहिला हात तुझा." पहिला हात म्हणजे चांगलं प्लास्टिक, पत्रा, तांबं, ज्याच्यासाठी वेचणाऱ्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरत.

"मी चूप राह्यली," हंसाबाई म्हणाली. "अन् काही कॅन वरतेच पडून होते. ते मी नाल्यावर धुतले अन् तांड्यात देल्ले. पाणी भराले."

मग मागून धनीबाई पुढे आली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन तांड्यात आलेल्या, जिवाभावाच्या.

"माह्या घरी दोन देल्ले होते तू," ती म्हणाली. "माहे लेकरं त्यातलं पाणी पेले. तुले माहीत होतं?"

"नावं वाचता येत नव्हते. पण वास येत होता. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाई, धने."

धनीबाई तिथून निघून गेली. उत्तमसिंग नायकांनी विचारलं, "इतके वर्ष काहून नाई बोलली?"

"भेत होती. पोट होतं, पोरी होत्या. तुमी नायक हाय, तुमी तरी काहून सही केली? तुमचं काय होतं?"



रुपाली उठली. प्लॅनमध्ये नसलेला खड्डा खणायचा तर त्याची जबाबदारी तिच्यावर येणार होती. तिने वरिष्ठांना फोन केला. बराच वेळ ती नुसतं "हो सर" आणि "पण सर" म्हणत होती. शेवटी फोन ठेवून म्हणाली, "एक खड्डा. दाखवा कुठे."

हंसाबाई खदानीच्या काठावरच्या कडुनिंबापाशी गेली, पाठ टेकली आणि पावलं मोजत निघाली. बाविसाव्या पावलावर थांबून तिने टाच मारली.

जेसीबी लागला. आधी मुरूम, मग कचरा. हंसाबाई काठावर उभी राहून सांगत होती, आणि मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो.

"आता चिखलाचा थर लागन. बजारात पुराचं पाणी घुसलं होतं, त्या सालचा. दुकानातला भिजला माल टाकला होता."

चिखल लागला. त्यात साड्यांच्या खोक्यांचा लगदा.

"आता राख. दिवाईत आग लागली होती, आठ दिवस इझली नाई."

राख लागली. रुपालीने लिहायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"आता हळू. खाली चिंध्या हायेत, अन् त्याच्या खाली ते."

चिंध्यांखाली निळं काहीतरी दिसलं आणि त्याच क्षणी वास आला. डोळ्यांत झोंबणारा, गोडसर. जेसीबीवाला उडी मारून पळाला. रुपालीने मास्क चढवला आणि ओरडली, "सगळे मागे व्हा! मावशी, मागे!" हंसाबाई सगळ्यांत शेवटी मागे सरकली. इंजिनियर तोवर त्यांच्या गाडीत जाऊन बसले होते.

त्या संध्याकाळी तिच्या दारासमोर एक पांढरा कॅन येऊन पडला. धनीबाईने टाकला होता. दुसऱ्या दिवशी आणखी तीन पडले. हंसाबाईने ते उचलले नाहीत; कुणी हातही लावू नये म्हणून भोवती काट्या रोवल्या आणि रुपालीला बोलावून दाखवले. "हे पण लिवा," ती म्हणाली. "मी वाटले असं लिवा."

मी तिला म्हणालो, तुझ्यावरच उलटेल हे. ती माझ्यावरच खेकसली, "अर्धं खरं सांगून त्याइच्याशी भांडू काय?"

ते तिच्यावर उलटलं नाही, पण वर्षभर तांड्यात तिला कुणी लग्नाला बोलावलं नाही. एक गोष्ट मात्र कुणालाच अपेक्षित नव्हती. फकिरा ड्रायव्हर आला. धाप लागलेला, काठी टेकत. माझ्या शाळेच्या ओट्यावर बसून त्याने पोलिसांना जबाब दिला: माल कोणाचा, किती खेपा, कुणाच्या सांगण्यावरून. जबाब झाल्यावर तो हंसाबाईला म्हणाला, "तुझं नाव ऐकलं म्हणून आलो. नाहीतर मेलो असतो तसाच." ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पाणी मात्र दिलं.

तपासणी आठ महिने चालली. अकरा बोअर झाले, नाल्यापर्यंतच्या प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत गेलं. आमच्या विहिरीत त्या औषधाचा अंश सापडला. विहिरीला लाल पट्टा मारला, आधी टँकर आला, मग नळ. ड्रम काढायला पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, बंद गाडीतून घेऊन गेली. बाकीचा कचरा चाळून वेगळा केला. जे उरलं त्याच्यावर चिकणमाती, तिच्यावर जाड काळी ताडपत्रीसारखी शीट, मग माती. आतला वायू बाहेर पडायला नळ्या, भोवती नाली, आणि उताराला पाणी तपासायचे चार बोअर. नियमाप्रमाणे बंद करणं म्हणजे काय, ते हंसाबाईला आणि मला असं समोर उभं राहून कळलं.

सहज काहीच झालं नाही. रुपालीची बदली झाली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा ठेकेदाराला शीटवर माती ओढून मोकळं व्हायची घाई होती. हंसाबाई शीटच्या जोडावरून अनवाणी चालत होती, मध्येच वाकून तिने जोडात बोटं घातली. हातभर जोड सुटलेला.

"माती पडली की दिसत नाही, बाई," मुकादम म्हणाला.

"माह्या काचळीची शिवण याच्याहून घट्ट हाय," ती म्हणाली आणि त्याच जोडावर बसली. तीन दिवस, सकाळी भाकर बांधून यायची, काम सुटेपर्यंत बसायची. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी चार बायका येऊन बसल्या, तिसऱ्या दिवशी नायक. धनीबाई आली नाही. चौथ्या दिवशी जोड पुन्हा तापवून चिकटवला, हवा भरून तपासला, आणि मगच माती पडली.

२०२४ मध्ये जागा खऱ्या अर्थाने बंद झाली. कार्यक्रमात शाल-नारळ द्यायला तिचं नाव पुकारलं. ती उठली, माईक हातात घेतला. "शाल नको. दर सहा महिन्यांनी पाण्याचा रिपोर्ट येईन, तो तांड्यात येऊन मोठ्यानं वाचा. समजन अशा भाषेत." टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. रिपोर्ट आता मीच वाचतो. अंश कमी होतो आहे, पण विहीर अजून प्यायच्या लायक नाही, आणि कधी होईल ते कुणी सांगत नाही. धनीबाई वाचनाला येते, लांब बसते, हंसाबाईशी बोलत नाही.

गोदामवाल्यावरचा खटला चालू आहे. गेल्या तारखेला हंसाबाईची साक्ष होती. मी सोबत गेलो होतो. गोदामवाल्याच्या वकिलाने विचारलं, "तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही. मग चौदा वर्षांपूर्वीचा दिवस इतका बारीक कसा आठवतो?"

"ज्याले लिवता येते तो कागदावर ठेवते, वकीलसाहेब. मले ध्यानातच ठेवा लागते."

"तुम्ही स्वतःच ते कॅन वाटले, खरं ना?"

"खरं."

"आणि दहा वर्षं गप्प बसलात."

"बसली. भेत होती."

"मग आता भीती गेली?"

"नाई गेली," हंसाबाई म्हणाली. "इचारा पुढचं."