बॉनेटला बांधलेला लाल धागा

पुलाच्या तोंडाशी बसणाऱ्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही.

रामनगरला मावशीकडे गाडीत पाणी घालायला बॉनेट उघडलं, ते पुन्हा लागेचना. लॉकचा आकडा अडकला होता. आईने मनगटावरचा संकठादेवीचा लाल धागा सोडून बॉनेट पुढच्या जाळीला बांधलं. पण पूल दिसला आणि माझा धीर सुटला. ट्रकच्या वाऱ्याने बॉनेट उडून काचेवर आलं तर?

मी गाडी त्याच्यासमोर थांबवली. त्याने धागा कापला नाही, नखांनी गाठ सोडवून खिशात ठेवला. आकड्यावरून बोट फिरवून हुंगलं.

"सरसों का तेल? गाड़ी है कि अचार?"

"देवघराच्या कडीला घालते, तेच घातलं," आई पुटपुटली.

त्याने स्प्रे मारला, चिकट काळा थर पुसला, स्क्रूड्रायव्हरने आकडा बराच वेळ हलवला. मोकळा झाल्यावर बोटभर ग्रीस लावलं. "स्प्रे खोलता है, टिकता ग्रीस है."

बॉनेट पाडलं. खट्! पुन्हा उघडून पाडलं. खट्! माझा जीव भांड्यात पडला.

मग त्याने खिशातला धागा काढला, बॉनेट होतं तसं जाळीला बांधलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

"ताला तो पक्का है न?" मी विचारलं.

"एकदम पक्का," तो पुलाकडे बघत म्हणाला. "फिर भी... हवा बहुत है."

पूलभर मी रस्ता कमी आणि ती लाल गाठच जास्त पाहिली.