नवरदेव उतरेपर्यंत

फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या क्लासला मूल घातलं की किस्से आपोआप जमत जातात. मुलं अंगणात फुंकत असतात, आया पायरीवर बसून श्वास रोखतात, आणि मधल्या वेळात गप्पांशिवाय दुसरं काही करता येत नाही. मी तर घरीही श्वास रोखते. माझी इरा नऊ वर्षांची आहे. ट्रम्पेट वाजवते ती, दमते मी.

*

ट्रम्पेट घरी आलं त्याच आठवड्यात मी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे चकल्या घेऊन गेले. तक्रार येण्याआधीच माफी मागून टाकायची, हा माझा जुना स्वभाव.

"काका, संध्याकाळी त्रास होत असेल ना हो?"

"आवाजाचा नाही होत," काका म्हणाले. "पण ती रोज त्याच जागी अडकते आणि सोडून देते. पुढची ओळ मग मला गुणगुणावी लागते. त्याशिवाय जेवण जात नाही."

चकल्या मात्र ठेवून घेतल्या.

*

क्लास अन्वरसर घेतात. त्यांचं सगळं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये, वरातीपुढे चालत ट्रम्पेट वाजवण्यात गेलं. त्यामुळे शिकवतातही चालवत. मुलं बदामाच्या झाडाभोवती फेऱ्या मारत वाजवतात, आणि सर स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर बसून ऐकतात. नियम एकच. नवरदेव उतरेपर्यंत थांबायचं नाही. नवरदेव म्हणजे सर, घोडा म्हणजे स्कूटर. सर उतरले की वाजवणं बंद.

एकदा सरांना स्कूटरवरच सासुरवाडीचा फोन आला आणि तो लांबतच गेला. पोरं फेऱ्या मारून लालबुंद झाली, पण थांबायला कुणी तयार नाही. शेवटी पिंपळगावच्या संगीताताई उठल्या. त्यांचा ओम क्लॅरिनेट वाजवतो.

"सर, तुमचं चालू द्या निवांत," त्या म्हणाल्या, "पण जरा खाली उतरून बोला. पोरगं मरंल माझं."

*

मी एकदा भीत भीत विचारलं होतं, "सर, स्पर्धेत एका जागी उभं राहून वाजवावं लागतं ना?"

"ताई, पाय थांबले की दम पण थांबतो," सर म्हणाले. "आधी वाजू तर द्या. उभं राहायला काय, शाळेत शिकवतातच."

माझी भीती उगाच नव्हती. गेल्या वर्षी संगीत महोत्सवाच्या स्पर्धेत इरा मंचावर उभी राहिली, ट्रम्पेट ओठांना लावलं, गाल फुगवले, आणि काहीच आलं नाही. एक सूरसुद्धा नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, हवा होती गं. आवाज नव्हता." त्यानंतर ट्रम्पेट पार दिवाळीपर्यंत पलंगाखाली.

*

यंदा ती पुन्हा तयार झाली, पण एका अटीवर.

"तू पुढे बसायचं नाहीस. तू पण गाल फुगवतेस."

"मी? कधी?"

नवऱ्याने निमूट गेल्या वर्षीचा व्हिडिओ लावला. त्याच्या हातून मोबाईल भलतीकडे वळला होता. इरा त्यात नव्हतीच. पूर्ण वेळ मीच होते, फुगलेली.

"खरं म्हणजे नाव तुझं द्यायला हवं होतं," तो म्हणाला.

बक्षीसबिक्षीस माझ्या डोक्यातही नव्हतं. एक सूर यावा. ट्रम्पेट परत पलंगाखाली जाऊ नये. बस.

*

स्पर्धेच्या दिवशी संगीताताई द्राक्षांचा क्रेट घेऊन आल्या. हंगामाची सुरुवात होती. "लय गोड नाय झाली अजून, पण ताजी हाय," म्हणत पहिल्या रांगेत सगळ्यांना वाटली, परीक्षकांनाही. मंचावर कोण होतं? त्यांचाच ओम.

समोर अख्खी रांग एक डोळा मिटून द्राक्षं खातेय म्हटल्यावर ओमच्या तोंडाला पाणी सुटलं. क्लॅरिनेटमधून नळाला पाणी येण्याआधी येतो तसला गुरगुराट आला. सर धावत आले.

"ताई, वाजवणाऱ्यासमोर आंबट खायचं नसतं!"

"आता काय करू? गिळली सगळ्यांनी," संगीताताई म्हणाल्या. मग मंचाकडे बघून ओरडल्या, "ओम्या, डोळे मीट आन् वाजव!"

त्याने मिटले. नंतर चांगलं वाजवलं. उतरताना फक्त पायरी चुकला.

*

मग इराचं नाव पुकारलं. मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. ती मंचाच्या मधोमध उभी राहिली, ट्रम्पेट लावलं, गाल फुगवले. शांतता. मला मागच्या वर्षीची रिक्षा दिसायला लागली.

"घाबरू नकोस बाळा, सावकाश," मुख्य परीक्षक म्हणाले. पुण्याचे होते. सकाळच्या सत्कारात बांधलेला गुलाबी फेटा त्यांच्या डोक्यावर तसाच होता, गळ्यात हारही.

विंगेत अन्वरसर जागच्या जागी पावलं टाकायला लागले. डावा, उजवा, डावा. इराने त्यांच्याकडे पाहिलं आणि एक पाऊल टाकलं.

सूर आला. स्वच्छ, मोठा.

दुसरं पाऊल, पुढचा सूर. मंच संपला, तशी ती पायऱ्या उतरली. काकांचं जेवण अडवणारी जागा मधल्या वाटेवर, आठव्या रांगेशी आली, आणि इरा तिथून सरळ पुढे निघून गेली. माझ्या खांबाजवळून गेली तेव्हा मी गाल फुगवलेलेच होते. बघितलं तिने, पण थांबली नाही. दारातून बाहेर.

"अहो, गुण द्यायचे तर ऐकायला नको?" म्हणत मुख्य परीक्षक उठले आणि मागे निघाले. त्यांच्यामागे बाकीचे परीक्षक, मग संगीताताई, मग सगळा हॉल. पार्किंगमध्ये इरा पिंपळाला फेऱ्या घालत वाजवत होती. ठरलेलं गाणं संपलं, तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले. "थांबवा हिला."

"थांबेल ना साहेब," अन्वरसर म्हणाले आणि तिथेच लावलेल्या आपल्या स्कूटरची सीट रुमालाने पुसली. "तुम्ही जरा इथं बसा."

"मी? मी कशाला?"

"फेटा तुमच्या डोक्यावर आहे."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

ते बसले. मग उतरले.

इराने ट्रम्पेट खाली घेतलं.