फिलूची टेकडी, चण्यांचा टोप आणि मोटारीची सायकल

"ताई, दोन-तीन दिवस घेऊन जा, हवी तशी चालवा आणि मग बोला," नीलेश म्हणाला, आणि मी विचार करायच्या आत हो म्हणून बसले. नीलेशचं अंधेरीत सायकलींचं दुकान आहे. त्याच्याकडे नवी फुल सस्पेन्शनची इलेक्ट्रिक माउंटन बाइक आली होती. पुढेही धक्के झेलणारा शॉक, मागेही शॉक, पेडलजवळ मोटार, झाडाच्या फांदीएवढे जाड टायर. हिरव्या रंगाची. मुलुंडहून येऊरच्या चढावर धापा टाकत जाणाऱ्या माझ्यासारख्या बाईला पन्नाशीत अशी गाडी परवडते का, झेपते का, हे बघायचं, असं मी घरी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते खाडीपलीकडे राहत होतं.

फिलोमिना, म्हणजे आमची फिलू, माझी पवईच्या ऑफिसमधली मैत्रीण. सायकलीचं वेड आम्हा दोघींना एकाच वर्षी लागलं. चढावर ती नेहमी पुढे आणि मी मागून "थांब गं बाई" करत. दोन वर्षांपूर्वी तिला फुप्फुसांचा आजार झाला. नोकरी सुटली, सायकल अंगणात गंजली, आणि फिलू चार पायऱ्या चढून पाचवीवर बसायला लागली.

तिचं गाव मनोरी-गोराईच्या बाजूला आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथली टेकडी गावाची आहे आणि रविवारच्या गर्दीची होऊ नये अशी माझी इच्छा आहे. टेकडीच्या माथ्यावर क्रूस आहे. मे महिन्यात गाव तिथे रोझरीच्या प्रार्थनेला जमतं आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. दर रविवारी एका ठरलेल्या घराची पाळी. त्या घराने चण्यांचा मानाचा टोप वर न्यायचा आणि पहिलं गाणं सुरू करायचं. टोप घरच्याच माणसाने अंगावर न्यायचा आणि क्रुसापर्यंत कुठेही टेकवायचा नाही, ही रीत. गेल्या वर्षी फिलूने तो डोक्यावर घेतला, अर्ध्या वाटेत दम संपला आणि करवंदीच्या जाळीजवळच्या दगडावर तिने टोप टेकवला. तिचा भाऊ बस्त्यावदादा पुढे घेऊन गेला. कोणी एक शब्द बोललं नाही. तेच तिला लागलं.

या रविवारी पुन्हा त्यांची पाळी होती.

शनिवारी सकाळी अंधेरीहून निघाले. वर्सोव्याच्या धक्क्यापर्यंत रस्ता सपाट, मोटार सगळ्यात हलक्या, म्हणजे कमी मदतीच्या मोडवर. ही स्कूटर नव्हे हे आधी सांगते. पेडल मारलं तरच मोटार मदत करते, थांबलात की तीही थांबते. मढची फेरीबोट सायकल घेते, तिकीट किरकोळ, सुटे पैसे ठेवा. भरती असेल तर सुख. ओहोटीला पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आणि ही गाडी नेहमीच्या सायकलीच्या दुप्पट जड आहे. दोन कोळणी पाट्या सांभाळत आधीच बसल्या होत्या. त्यातली एक माझी ओढाताण बघून म्हणाली, "एवढी मोटार हाय तर उचलाला कशाला लागते?" मी हसून मागचं चाक बोटीत ओढलं.

पण बोट सुटली आणि सगळं मऊ झालं. मागे वर्सोव्याच्या होड्या, रंग उडालेले झेंडे, पाण्यावर तेलाचे इंद्रधनुषी डाग. पाच मिनिटांचा प्रवास, पण त्या पाच मिनिटांत मुंबई कुठेतरी दूरच्या नातेवाइकासारखी वाटायला लागते. मढला ऑमलेट-पाव खाल्ला. पुढे एरंगळ, आक्सा, दोन्ही बाजूंना वाळत घातलेले बोंबील आणि त्यांचा तो वास, जो पहिल्यांदा नाकाला झोंबतो आणि मग दिवसभर सोबत राहतो. खड्डे येत होते आणि माझ्या खालून निघून जात होते. मी पेडल मारतेय की कोणी मला अलगद पुढे नेतंय, तेच कळेना. मार्व्याला दुसरी बोट घेतली आणि मनोरीला उतरले.

फिलूच्या अंगणात चटयांवर लाल मिरच्या पसरल्या होत्या, वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायच्या बाटली मसाल्याच्या. तोंडाला ओढणी बांधून ती पायरीवर बसली होती. डोळ्यांवरूनच ओळखलं.

"ही काय गं म्हैस आणलीस?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी आणली."

ती हसायची थांबली. गाडीकडे बघितलं, मग टेकडीकडे. "मोटारीवर बसून क्रुसाला जायचं? मग ते माझं जाणं झालं का, सुजे?"

"पेडल तूच मारायचं. ती फक्त तुझ्या पायात जोर घालते."

बस्त्यावदादा आतून आला. उंच, शांत माणूस, पण बोलला की थेट. "चण्यांना आता मोटार लागते काय? मी नेतो ना, गेल्या वर्षीसारखा."

गेल्या वर्षीसारखा, हे शब्द त्याच्या तोंडून गेले आणि त्यालाच कळलं. फिलू उठली. "टोप पाठीवरच्या पिशवीत चालेल काय, दादा? डोक्यावरच पायजे असं हाय काय?"

तो बराच वेळ मिरच्या चाळवत राहिला. शेवटी म्हणाला, "टेकायचा नाय एवढंच हाय. पाठ पण अंगच ना."

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं सार होतं. फिलू म्हणाली, डॉक्टर म्हणतात दम लागेपर्यंत काही करू नको, पण बसूनही राहू नको. आता या दोन्हींच्या मधे नेमकं किती, ते कोण सांगणार? मी गाडीची बॅटरी तिच्या ओट्यावर मिक्सरशेजारी चार्जिंगला लावली.

दुपारी सेटिंग केलं. मागच्या शॉकमध्ये हवा असते आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. माणूस बसला की शॉक दबतो आणि रिंग सरकते. ती ठरावीक खुणेपर्यंत यायला हवी. हवा माझ्या वजनाची होती. फिलू बसली, उतरली. रिंग जागची हलली नव्हती. मी थोडी हवा सोडली. पुन्हा बसवलं. रिंग केसभर सरकली. पुन्हा हवा सोडली. फुस्स, फुस्स, आणि दरवेळी मला वाटायचं, आता पुरे. पुरेच होईना. माझ्याहून थोराड हाडाची, चढावर मला मागे टाकणारी फिलू किती उरली होती, ते मला त्या एवढ्याशा रिंगने सांगितलं. मला रडू आलं. ते लपवायला मी वाकून व्हॉल्व्हच बघत राहिले.

"झालं काय गं?" तिने विचारलं.

"झालं. आता बरोबर आहे."

रविवारी पहाटे मी एकटीच चाचणीला गेले. टोपात पाणी भरलं, झाकण ठेवून फडक्याने गच्च बांधला आणि पिशवीत घालून पाठीवर घेतला. वर जाणारी ट्रेल, म्हणजे पायवाट, लाल मातीची, मधे दगडगोटे, दोन ठिकाणी झाडांची मुळं, आणि शेवटी खडकाचा जिन्यासारखा टप्पा. मधल्या मोडवर गाडी मांजरीसारखी चढते. मागचं चाक दगडावरून जातं, पण पाठीला फक्त एक हलका होकार कळतो. सर्वांत जोराचा मोड मात्र चढावर वापरू नका. मी हौसेने लावला आणि पुढचं चाक हवेत गेलं. पाणी मानेवरून कमरेपर्यंत. उतरताना सीट बटणाने खाली जाते, आणि मग तर मी वाऱ्यावर सोडलेली चादर होते. वरून पश्चिमेला समुद्र दिसतो, पूर्वेला खाडी, तिवरं, त्यामागे बोरिवलीचे मनोरे आणि त्यांच्याही मागे नॅशनल पार्कचे निळे डोंगर. सकाळच्या धुरक्यात मनोरे खरे वाटत नाहीत, डोंगर मात्र खरे वाटतात.

मग फिलूला गल्लीत फेऱ्या मारायला लावल्या. पहिल्या फेरीला ती किंचाळली, दुसऱ्या फेरीला हसली, तिसऱ्या फेरीला माझ्या हाका न ऐकता वळणापलीकडे गेली. परत आली तेव्हा चेहरा दोन वर्षांपूर्वीचा होता.

ऊन कलल्यावर निघालो. चणे मिठाच्या पाण्यासकट टोपात, वर खोबऱ्याचे तुकडे. बस्त्यावदादाने स्वतः फडकं बांधलं, पिशवी तिच्या पाठीवर चढवली आणि पुढे चालू लागला. मी मागून चालत. गावची माणसं आधीच वर गेली होती. खालून त्यांचे रंग तेवढे दिसत होते.

फिलूने घाई केली नाही. मधला मोड, छोटा गिअर, पाय गोल गोल. मुळांवरून गेली. करवंदीची जाळी आली, तो दगड आला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, पण मी बघितलं. दगड मागे पडला आणि मला वाटलं, जमलं आता.

खडकाच्या टप्प्यावर चाक घसरलं. तिने पाय टेकला. गाडी थांबली, टोप पाठीवरच होता. तिने पुन्हा पेडल दाबलं, मोटारीने हिसका दिला, पुढचं चाक उठलं. पुन्हा पाय. एवढ्या उभ्या चढावर थांबलेली गाडी परत सुरू करणं धडधाकट माणसालाही कठीण. ती हँडलवर वाकली. श्वासाचा आवाज मला मागे ऐकू येत होता.

"सुजे, नाय होत."

मी टोपाला हात लावू शकत नव्हते, मी घरची नव्हते. बस्त्यावदादा वरून उतरत आला. त्याने दोन्ही हात पुढे केले होते. गेल्या वर्षीही असेच केले असणार. फिलूने त्या हातांकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

तेव्हा मला हँडलवरचं एक बटण आठवलं. नीलेशने दुकानात दाखवलं होतं आणि मी लक्षही दिलं नव्हतं. गाडी ढकलत न्यायची वेळ आली तर ती आपणहून हळूहळू चालते. कुठल्याही परीक्षणात त्यावर दोन ओळी नसतात, कारण त्यात शौर्य नाही.

"फिलू, खाली उतर. दम खा. हे बटण दाबून धर. ती चालेल. तू नुसती तिच्यासोबत चाल."

तिने श्वास जागेवर येऊ दिला. मग बटण दाबलं. मोटार बारीक गुरगुरली आणि ती जड हिरवी म्हैस खडकावर एक पाऊल चढली. फिलू हँडलला धरून एक पाऊल. बटण सोडून ब्रेक दाबायची, गाडीवर टेकून दम घ्यायची, पुन्हा बटण. दादाने हात मागे घेतले आणि तो तिच्या शेजारून चालू लागला, तिच्याच गतीने. वरून कोणी हाक मारली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे समुद्राकडे बघत असल्यासारखे उभे होते.

तिने टोप क्रुसाच्या चौथऱ्यावर ठेवला आणि पायरीवर बसली. पहिलं गाणं तिच्या घरचं. दादाने सुरू केलं असतं तरी चाललं असतं. तो गप्प राहिला, आणि सगळं गाव गप्प राहिलं. वारा होता. एक म्हातारी पदराने वारा घेत होती. किती वेळ गेला कोण जाणे, मला तरी तो संपूच नये असं वाटत होतं. मग फिलूने सुरुवात केली, खालच्या पट्टीत, दोन शब्द, श्वास, पुन्हा दोन शब्द. गावाने ते तिच्याच पट्टीत उचललं, तिच्याच संथपणे, आणि खाली सूर्य पाण्याला लागला.

चणे वाटताना तिने फडकं मला दाखवलं. कडेला जेमतेम ओलं होतं. "झकास शॉक हाय तुझ्या म्हशीचा," ती म्हणाली. "पण सांग आता. माझं जाणं झालं का?"

"चालत आलीस की गं."

तिने वळून खडकाच्या टप्प्याकडे बघितलं. बहुतेक तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

सोमवारी परतले, त्याच दोन बोटींनी. गाडी फिलूच्या वजनावर लावलेली, त्यामुळे माझ्याखाली ती मऊ पडली होती, प्रत्येक खड्ड्यावर झोपाळ्यासारखी डुलत होती. हवेचा पंप माझ्या पिशवीत होता. काढला नाही. आक्साच्या रस्त्याने डुलत, पाठीत कळ घेत, मी तशीच आले.

आता तुम्ही विचाराल, घ्यावी का? ट्रेलवर चालवता येत असेल आणि जवळ एका बऱ्या जुन्या चारचाकीएवढे पैसे असतील तर जरूर घ्या. वाळूत नेऊ नका, खाऱ्या वाऱ्यानंतर पुसून ठेवा, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल तर विसरा. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझी जुनी सायकल मला पुरे, येऊरच्या धापाही पुऱ्या.

गाडी नीलेशच्या दुकानात सोडून संध्याकाळी मुलुंडच्या घरी गॅलरीत बसले होते. पिशवीच्या तळाशी मूठभर चणे निघाले, ते खात होते. नीलेशचा फोन आला.

"ताई, मागच्या शॉकमध्ये हवाच नाही. लीक आहे की काय?"

"लीक नाही रे. मैत्रिणीसाठी काढली होती."

"एवढी? किती बारीक आहे ती?"

"आहे बारीक."

"बरं, मग गाडी घेताय का?"

"नाही. पण पुढच्या मे महिन्यात दोन दिवस माझ्यासाठी ठेव."

"ठेवतो ना. आणि सेटिंग हेच ठेवायचं?"

"नको," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी तिला हवा जास्त लागेल."