मोर्च्याच्या दिवशी वेचलेली मोहफुलं
वाळत्या मोहफुलांचा गोडसर आंबूस वास आला की माझी मान आपोआप खाली जाते. त्या सकाळी गावाला एसटी मिळावी म्हणून सगळं गाव मोर्च्याला गडचिरोलीला पायी निघालं होतं. मोर्च्यानं काय होते, असं म्हणून मी एकटा मोहफुलं वेचत राहिलो. दुसऱ्याच्या झाडाखालच्या फुलांना हात लावायचा नाही, हा रिवाज तेवढा नेटानं पाळला. सायंकाळी शेजारची बाई धुळीनं माखून परतली, तेव्हा तिच्या झाडाखालची फुलं गुरांनी खाऊन टाकली होती. माझी भरलेली टोपली पाहून ती एवढंच म्हणाली, “आमचे काऊन नाई वेचले, भाऊ? आम्ही तं तुह्यासाठी बी गेलतो न.” आता गावात एसटी येते. परवा एसटीत तीच बाई बाकावर सरकून म्हणाली, “ये न भाऊ, इथी जागा हाय.” मी गडचिरोलीपर्यंत उभाच राहिलो.