भिंतीकडे तोंड करून खाल्लेले कबाब

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मी अश्रुधूर खाल्ला, अशी लालबागच्या आमच्या चाळीत माझी ख्याती आहे. अजूनही कुणी नवा भाडेकरू आला की त्याला ती गोष्ट सांगतात आणि मी मान खाली घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो. मी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे पुष्कळ गोष्टी माझ्या न बोलण्यावरच उभ्या राहिल्या. ही त्यांतली सगळ्यात मोठी. आता पन्नाशी जवळ आली, तेव्हा सांगून टाकतो: मी अश्रुधूर खाल्ला नाही. मी कबाब खाल्ले.

सुरुवात वडिलांच्या नवसापासून झाली. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि एकदा बोलले की बोलले. एका सभेहून आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "मुंबय आमका गावासर ह्या घरात मटाण शिजाचा नाय."

मुंबई मिळेपर्यंत मटण बंद, हे आईने आधी हसण्यावारी नेलं. मग त्यांचा चेहरा बघून विचारलं, "आणि मासे?"

वडिलांनी खुंटीवरची टोपी सरळ केली. "मासे म्हणजे काय मटाण?" म्हणाले. आमची मुंबई इतकी वर्षं बांगड्यांवर निभावली ती या एका वाक्यामुळे.

वडिलांचं बघून मजल्यावरच्या इतर घरांनीही मटण सोडलं. सगळ्यांना वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. रविवारी सकाळी मजल्यावर मसाला वाटायचे आवाज येत ते थांबले. लोक रविवारचे उगाचच एकमेकांवर चिडायला लागले.

माझा एक मित्र होता. पलीकडच्या बौद्धांच्या चाळीत राहायचा, कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात नोकरीला. मोर्च्याला आम्ही बरोबर जायचो. एका दुपारी आमचा मोर्चा निघाला आणि पुढे कुठेतरी पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आमच्यापर्यंत तो आलाच नाही. आली ती पळणारी माणसं. आम्हीही पळालो. चिंचपोकळी स्टेशनाच्या बाजूच्या एका गल्लीत एका दुकानाचा दरवाजा अर्धा उघडा होता, आतून हात आला आणि आम्हाला आत ओढून दरवाजा बंद झाला.

"बैठो. बाहर का हंगामा ठंडा होने दो," हात म्हणाला. तो दुकानाचा मालक होता, त्याला सगळे चाचा म्हणायचे.

आत निखाऱ्यांची लांबट शेगडी होती आणि तिच्यावर सळयांना थापलेला खिमा. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडायचा, चर्र व्हायचं, आणि धूर उठायचा तो थेट माझ्या नाकात. बाहेर जाता येत नव्हतं आणि आत श्वास घेणं भाग होतं. मी पुष्कळ वेळ श्वासच घेतला. मित्र दोन सळया संपवून माझ्याकडे बघत बसला.

"खा की रे," तो म्हणाला.

"नवस आहे."

"नवस तुझ्या बाबांनी केलाय. तुझ्या पोटाला कुणी विचारलं होतं?"

एवढ्यावर मी खाल्ले. माझा लढा इतपतच टिकला. वरून भरपूर कच्चा कांदा, लिंबू, पुदिन्याची चटणी. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा शर्टाला धुराचा वास, तोंडाला कांद्याचा आणि डोळे लाल.

आईने दारातच अडवलं. "खंय रवलंस इतक्या वेळ? पोलिसांनी धूर सोडल्यानी काय रे? कांदो हुंगलंस मां?"

अश्रुधुरावर कांदा हुंगायचा, हे तेव्हा गिरणगावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. धूर आणि कांदा, दोन्ही पुरावे माझ्या अंगावर. मी काही बोललो नाही. वडिलांनी उठून गॅलरीतून हाक मारली, शेजारी जमले, माझ्या शर्टाचा वास घेऊन एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जहाल आहे हो." ज्यांना खरोखर लाठ्या बसल्या होत्या अशी माणसं त्याच रस्त्यावर राहत होती. हे आठवलं की अजून घास अडकतो. पण त्या रात्री घास अडकला नाही. पोट भरलेलंच होतं.

मग मी जायला लागलो. आधी मोर्च्यानंतर, मग मोर्चा नसतानाही. चाचांच्या दुकानाची एक रीत होती. आत भिंतीला लांब फळी ठोकलेली आणि तिच्यासमोर बाकडं. गिऱ्हाइकाने भिंतीकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसायचं. कोण श्रावण मोडून आलेला, कोण सासऱ्याला चुकवून, कोण माझ्यासारखा. कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही, कांदा हवा असेल तर चाचांकडे न बघता बोट वर करायचं. आम्ही एकमेकांना मानेवरून ओळखायचो. आमच्याच मजल्यावरच्या तीन माना मी तिथे पाहिल्या. त्यांतली एक, शर्टाचा वास घेणाऱ्या म्हाताऱ्यांची.

ज्यांना लपवायचं काही नव्हतं त्यांच्यासाठी बाहेर रस्त्याच्या कडेला एक टेबल होतं. माझा मित्र तिथे ऐटीत बसायचा आणि मला आत ऐकू जाईल असं म्हणायचा, "चाचा, अंदर भिंत को कितने कान हैं, गिनो जरा."

मजा होती, पण मनाला टोचणीही होती. मुंबई द्विभाषिकात गेली तेव्हा सगळे दिल्लीला शिव्या देत होते. मला मात्र वाटत होतं, हे माझ्या कबाबांमुळे झालं. घरात नवस आणि घरातलाच माणूस असा, तर मुंबई मिळणार कशी? मी आठवडाभर गेलो नाही. पुढच्या आठवड्यात दोनदा गेलो.

शेवटी मुंबई मिळाली. चाळीत तोरणं लागली आणि प्रत्येक घरात मटण शिजलं. आईने वडे केले होते. वडील पाटावर बसले, पहिला तुकडा तोंडात घातला आणि चघळत राहिले. आमच्या लक्षातच आलं नव्हतं. या वर्षांत त्यांचे दात एकेक करून गेले होते. समोरचे दोन उरले होते, ते शोभेचे. थोड्या वेळाने त्यांनी तुकडा ताटाच्या कडेला ठेवला.

"रस्सो भातात कालवून खावा," आई म्हणाली. "नायतर उद्या खिमो करतंय."

"मी काय रश्श्यासाठी थांबललंय? आणि खिमो दोन दिसांच्या पोराक घाल." ते हात धुऊन गॅलरीत जाऊन बसले. खाली ढोल वाजत होते. मुंबईसाठी मटण सोडलेला आमच्या मजल्यावरचा पहिला माणूस, आणि मटण न खाल्लेला शेवटचा.

ज्याला दात लागत नाहीत, जिभेने दाबलं की विरघळतं, असं मटण मुंबईत कुठे मिळतं हे मला ठाऊक होतं. ते सांगणं म्हणजे स्वतःला पकडून देणं. तीन दिवस मी गप्प राहिलो. चौथ्या दिवशी ते पुन्हा ताटावरून तसेच उठले, तेव्हा म्हणालो, "बाबा, चिंचपोकळीला एक कबाबवाला आहे. दात लागत नाहीत म्हणे."

"तुका कसा ठावक?"

"ऑफिसात बोलतात."

त्यांनी कोट घातला, टोपी घातली. मी त्यांना घेऊन गेलो. चाचांनी आम्हाला पाहिलं, वडिलांची टोपी पाहिली, आणि माझ्याकडे बघून साफ अनोळखी चेहऱ्याने विचारलं, "पहली बार आये हो साब?" इतकी वर्षं मी त्यांच्याकडे फक्त खाल्लं होतं, त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

वडील बाहेरच्या टेबलाशी जाऊन, रस्त्याकडे तोंड करून, ऐसपैस बसले. नाक वर करून म्हणाले, "ह्यो वास माका वळखीचो वाटता."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. चाचांनी कबाब आणले. वडिलांनी एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग दुसरा. मग तिसरा.

"बरो धूर सोडत होते हां पोलीस," ते म्हणाले.

मी मान वळवून बघितलं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मला मान वळवावी लागली. चाचांनी सांभाळून घेतलं होतं, पण सवयीने मी आत शिरून फळीपाशी, भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. कांद्यासाठी एक बोटही वर होतं.

वडिलांनी बाजूची खुर्ची पायाने मागे सारली आणि रस्त्याकडे बोट दाखवलं.

"गावली मां मुंबय?" ते म्हणाले. "मग आता हडे तोंड करून बस."

मी बशी उचलली आणि बाहेर गेलो.