ताणलेली अक्षरं

हडपसरच्या रविराजला दोनच कामं: अक्षरं घडवायची आणि ती बिघडवणाऱ्यांना शिव्या घालायच्या. इंग्रजीतल्या जाड पायांच्या अक्षरांवरून त्याने मराठी फॉन्ट बेतला होता. प्रत्येक रेघेच्या टोकाला चौकोनी पाय, तोही रेघेइतकाच जाड. दुकानाची पाटी रस्त्यापलीकडूनही वाचता यायला हवी ना!

पण फ्लेक्सवाल्यांना रिकामी जागा बघवत नाही. ते अक्षर धरतात आणि कडेपर्यंत आडवं ताणतात. मग उभ्या रेघा सुजतात, पाय मात्र होते तेवढ्याच जाडीचे राहतात आणि त्यापुढे बारीक दिसतात.

"हत्तीला कोंबडीचे पाय लावलेत! अक्कल गहाण ठेवलीय का?" रविराज दुकानात शिरून सुनवायचा. फ्लेक्सवाले तो दिसला की शटर ओढायचे.

वडील, आप्पासाहेब, गेले तेव्हा धाकट्या रणजितने त्यांचा फोटो टाकून चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. भावाला बरं वाटावं म्हणून मुद्दाम त्याचाच फॉन्ट घ्यायला लावला. दुकानदाराने सवयीने सगळा फ्लेक्स कडेपर्यंत ताणला.

दहाव्याहून परतताना रविराजने तो पाहिला आणि सोयऱ्यांसमोरच भावावर कडाडला. "पाय बघ त्या अक्षरांचे! डोळे फुटले होते का तुझे? एवढंही कळत नाही, तर लावायचाच कशाला?"

आईने, मथुराबाईंनी, तोंडावरचा पदर काढला.

"मघाधरनं अक्षरांसाठी बोंबलतुयास," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाचं तोंड बी ताणलंय. ते दिसलं का तुला?"